तलाकचा कागद : काझीच्या वहीपासून कोर्टाच्या दप्तरापर्यंत

तलाकचा विषय निघाला की चर्चा जिभेवर येऊन थांबते. तीन शब्द कोणी, कसे, कोणत्या अवस्थेत उच्चारले, ते एका दमात की तीन महिन्यांत, यावर आपल्याकडे शंभर वर्षे वाद चालू आहे. शरीयतवाले बोलतात, सुधारणावाले बोलतात, आणि दोघेही नसलेले तर फारच मोठ्याने बोलतात. पण त्या शब्दांमागे जो कागद लागतो त्याचा इतिहास कोणी सांगत नाही. खेड्यातल्या बाईला मात्र शब्दापेक्षा कागदच अधिक छळतो. दुसरा निकाह करायचा तर मौलवी विचारतो, निराधार योजनेचा अर्ज भरायचा तर तहसील कचेरी विचारते, जमिनीचा फेरफार व्हायचा तर तलाठी विचारतो : बाई, कागद कुठे आहे?

आमच्या खालाला हा प्रश्न वयाच्या सत्तरीत विचारला गेला. खालाचा पहिला नवरा १९६८ मध्ये मुंबईला कामाला म्हणून गेला आणि परतला नाही. पत्र नाही, मनिऑर्डर नाही. पाच वर्षे वाट पाहून खालाने दावा केला, निकाल मिळाला, पुढे दुसरा निकाह झाला, एक मुलगी झाली. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पुढे दुसरा नवराही वारला. त्याला मुलगा नव्हता. वारसाहक्काप्रमाणे शेतात मुलीचा अर्धा आणि खालाचा आठवा हिस्सा, उरलेले भावांचे. पण भावकी उभी राहिली. ‘हिच्या पहिल्या नवऱ्याने तलाक दिलाच नव्हता. मग हा निकाह कसला, आणि ही मुलगी वारस कशी?’ प्रश्न चार-पाच एकरांचा दिसत होता. खरे तर तो एका बाईच्या चाळीस वर्षांच्या संसाराचा आणि तिच्या मुलीच्या नावाचा होता. खाला एवढेच म्हणाली, “कागद है ना रे बाबा, मै झूट नै बोली.” आणि आम्ही कागद शोधायला निघालो.

शोधता शोधता कळले की हा कागद एका कचेरीत हरवलेला नाही, इतिहासाच्या दोन टप्प्यांच्या मध्ये हरवलेला आहे.

एके काळी हा कागद काझीकडे असे. काझी हा केवळ निकाह पढवणारा माणूस नव्हता, न्यायाधीश होता. मराठेशाहीतही काझीची वतने चालू राहिली, आणि निकाह-तलाकची नोंद त्याच्या घरच्या वहीत होत राहिली. इंग्रजांनी आपली न्यायालये उभी केल्यावर प्रथम मौलवी आणि पंडित यांना कायदा अधिकारी म्हणून पदरी ठेवले. मग १८६४ च्या ११ व्या कायद्याने ही पदे रद्द झाली आणि काझी नेमण्याची सरकारी पद्धतही बंद पडली. त्यावर मुसलमानांतून ओरड झाली, तेव्हा १८८० मध्ये काझी कायदा आला. या कायद्याने सरकारला काझी नेमण्याची मुभा दिली. पण त्याच कायद्यात हेही लिहून ठेवले, की अशा नेमणुकीने काझीला न्यायदानाचा वा कारभाराचा कोणताही अधिकार मिळत नाही आणि निकाहाला तो हजर असलाच पाहिजे असेही नाही. म्हणजे पगडी परत दिली, तिच्याखालचे डोके काढून घेतले. बंगालमध्ये १८७६ पासून निकाह-तलाक ऐच्छिकपणे नोंदवण्याचा कायदा तरी होता. आमच्याकडच्या काझीच्या वहीला असाही आधार मिळाला नाही.

याचा फटका पुरुषाला बसला नाही. त्याच्या तलाकला काझी लागत नव्हता, कोर्टही लागत नव्हते. फटका बसला तो बाईला. नवरा खुलाला राजी नसेल तर फस्ख, म्हणजे निकाह मोडून देणे, हे काम काझीचे; आणि अधिकार असलेला काझीच उरला नव्हता. त्यात हनफी मतानुसार बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने जवळजवळ त्याचे आयुष्य सरेपर्यंत थांबायचे. अशा बाईला मुअल्लका म्हणतात : ना सधवा, ना मोकळी, अधांतरी टांगलेली. पंजाबात काही स्त्रियांनी यातून भयंकर वाट काढली. धर्म सोडला की निकाह तुटतो, म्हणून त्या इस्लाम सोडू लागल्या. इक्बाल यांनी आपल्या व्याख्यानांत या गोष्टीची दखल घेतली. देवबंदी परंपरेतले मोठे आलीम मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अल-हीलतुन-नाजिझा’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि अशा अडचणीत हनफींनी मालिकी मताचा आधार घ्यावा असे सांगितले. मालिकी मताप्रमाणे बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षांची मुदत पुरते. सुधारणा म्हणजे बाहेरून आलेले खूळ असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग मुद्दाम आठवावा. येथे वाट दाखवणारा माणूस मदरशातला होता.

१९३६ मध्ये काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले आणि १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे पोटगी देत नसेल, सात वर्षांची वा अधिक शिक्षा भोगत असेल, तीन वर्षे सकारण नसताना वैवाहिक कर्तव्य करत नसेल, छळ करत असेल, अशी कारणे दाखवून बाई कोर्टाकडे निकाह मोडून मागू शकते. महरवरचा तिचा हक्क शाबूत राहतो. केवळ धर्म सोडल्याने निकाह तुटणार नाही, हेही याच कायद्याने ठरवले. मूळ विधेयकात एक कलम होते, की असे दावे मुस्लिम न्यायाधीशापुढेच चालावेत. ते कलम गळाले. उलेमांपैकी अनेकांना ते रुचले नाही. आमच्या मोहल्ल्यांत आजही ‘कोर्टाने दिलेला तलाक तलाक नव्हे’ असे जे पुटपुटले जाते, त्याचे मूळ येथे आहे. कायदा शरीयतीच्या आधाराने झाला. पण समाजाच्या मनात तो कोर्टाचाच राहिला.

खालाचा दावा याच कायद्याखालचा होता. पण तो शोधायचा कोठे? पहिली अडचण भूगोलाची. आमचा तालुका आज ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याचा १९७३ मध्ये जन्मच झालेला नव्हता. मराठवाड्यात जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळे जिल्हे झाले. माणसे नव्या जिल्ह्यात आली, जुनी दप्तरे पुष्कळदा जुन्याच ठिकाणी राहिली. दुसरी अडचण दाव्याच्या नंबराची. नंबर सांगा, मग नक्कल मिळेल, असे सांगण्यात आले. खालाला तारीख आठवत नव्हती. ‘ज्वारी निघायच्या वेळी’ एवढेच आठवत होते. त्या काळचे काही संगणकात नव्हते. तिसरी अडचण वाळवीची आणि रद्दीची. निकाली दाव्यांचे सगळे कागद कायम ठेवत नाहीत. १९१७ च्या कायद्याच्या आधाराने मुदत संपलेले कागद नष्ट केले जातात. एका कचेरीने आम्हाला तीन वेळा परत पाठवले. चौथ्या वेळी एका वृद्ध शिरस्तेदाराने सांगितले, “नंबर नसेल तर दाव्यांची नोंदवही वर्षावर पाहा. आणि जबान्या शोधू नका, हुकूमनामा शोधा. जपला असेल तर तोच.”

१९७३ च्या नोंदवहीत नाव सापडले. त्यावरून नक्कल अर्ज केला आणि हुकूमनामा हाती आला. तो फेब्रुवारी १९७४ चा होता. बेपत्ता नवऱ्याच्या दाव्यात त्याच्या वारसांना नोटीस द्यावी लागते. चुलता आणि भाऊ असतील तर ते वारस नसले तरी त्यांना पक्षकार करावे लागते. निकालात लिहिले होते, की प्रतिवादीचा भाऊ हजर राहिला आणि त्याने हरकत घेतली नाही. त्या दिराला सारे ठाऊक होते. तो गप्प राहून खालाच्या बाजूने उभा राहिला होता. ती ओळ वाचून खाला रडली.

पण लढाई संपली नव्हती. नवरा बेपत्ता या कारणावर दिलेला हुकूमनामा सहा महिने अमलात येत नाही. त्या मुदतीत नवरा आला आणि त्याने नांदवण्याची तयारी कोर्टाला पटवली, तर हुकूमनामा रद्द होतो. म्हणजे खाला मोकळी झाली ऑगस्ट १९७४ मध्ये, आणि पुढे इद्दत. दुसरा निकाह त्यानंतरचा आहे हे दाखवायचे तर निकाहाची तारीख हवी. ती कोर्टात नव्हती, ती होती काझीच्या वहीत. काझीसाहेबांच्या नातवाने माळ्यावरची गाठोडी सोडली. वही उर्दूत, तारीख हिजरी : रबीउस्सानी १३९५. हिशेब केला तर एप्रिल १९७५ चा उत्तरार्ध. सहा महिन्यांची मुदत आणि इद्दत दोन्ही उलटून गेल्यावरचा निकाह. ज्या वहीला न्यायाचा अधिकार नाही, तिने अखेर साक्ष दिली. हुकूमनामा आणि काझीची वही एकत्र ठेवली तेव्हा कुठे फेरफारावर मुलीचे नाव चढले.

खालाचा दावा ज्या वर्षांत चालला, त्याच्या थोडे आधी, १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला होता. खालाला त्याची खबर नव्हती. दलवाईंच्या सर्व मतांशी आम्ही सहमत आहोत असे नाही. पण त्या सात जणी आणि आमची खाला एकाच प्रश्नाच्या दोन टोकांना उभ्या होत्या, हे मान्य केले पाहिजे. पुढे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने, आणि त्याच वर्षी शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पोटगीच्या दाव्यात नवऱ्याने कैफियतीत ‘मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे’ असे लिहिले म्हणून तलाक होत नाही. तो केव्हा, कोणत्या कारणाने आणि समेटाचे कोणते प्रयत्न करून दिला हे सिद्ध करावे लागते. म्हणजे आता पुरुषालाही पुराव्याच्या दारात उभे राहावे लागले. २०१७ मध्ये एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरला, २०१९ मध्ये तो गुन्हा झाला. पण जो नवरा तलाकही देत नाही आणि नांदवतही नाही, त्याच्या बायकोला या दोन्हींनी काय दिले? तिला आजही १९३९ च्याच कायद्याचे दार ठोठवावे लागते.

ते दार खेड्यापासून लांब आहे. १९८४ च्या कायद्याप्रमाणे कौटुंबिक न्यायालये दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी सक्तीची झाली. जेथे ती नाहीत तेथील बाईला दिवाणी कोर्टाचीच पायरी चढावी लागते. तरी काही गोष्टी आमच्या बहिणींना कोणी सांगत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो आणि त्यासाठी तालुक्यालाही समिती असते. महाराष्ट्रात १९९४ पासून घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. जुम्म्याच्या खुतब्यानंतर या दोन ओळी वाचून दाखवल्या तर कोणाचा मजहब बुडणार आहे?

आमचे मागणे फार मोठे नाही. मोहल्ल्यातल्या काझींच्या जुन्या वह्या वाळवीच्या तोंडातून काढून त्यांच्या प्रती कराव्यात. कोर्टाचा हुकूमनामा हातात आलेल्या बाईने त्याच्या दोन-तीन नकला काढून एक माहेरी ठेवावी, आणि दाव्याचा नंबर पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावा. आणि जमातीच्या जाणत्यांनी कोर्टाचा कागद पाहून तोंड फिरवू नये, कारण त्या कागदाच्या मुळाशी एका आलीमाचा ग्रंथ आहे.

खाला गेल्या वर्षी अल्लाहला प्यारी झाली. तिच्या पेटीत दागिना एकही निघाला नाही. एका जुन्या दुपट्ट्यात बांधलेली हुकूमनाम्याची नक्कल तेवढी निघाली. ती आता तिच्या मुलीजवळ आहे.