ए.कु.मॅ.

“उताऱ्यावरनं नाव निघालं, म्हणजे वाटा गेला.” माझी आई हे मरेपर्यंत म्हणत राहिली. मी तेहतीस वर्षं तलाठी होतो, हजारो उतारे माझ्या हातचे, पण तिची समजूत मला काढता आली नाही. चावडीत येणारे बहुतेक जण हेच मनात घट्ट धरून यायचे. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याची जमीन.

हा कागद मुळात सारा कोणाकडून घ्यायचा, एवढं सरकारला कळावं म्हणून सुरू झाला. माझी काही वर्षं इंदापूर तालुक्यात गेली. कंपनी सरकारच्या काळात प्रिंगलसाहेबाच्या मोजणीने इथे साऱ्याचा आकार इतका जड बसवला की लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच तालुक्यातून नव्याने काम धरलं. शेताला सर्व्हे नंबर दिला, हद्दीला दगड रोवले, मातीची खोली आणि रंग पाहून आण्यांमध्ये तिची प्रत लावली आणि त्यावरून ठरलेला आकार तीस वर्षं कायम केला. सारा भरायला नंबरागणिक एक खातेदार धरला. घरात चार भाऊ कसत असले तरी वसुलीला एक नाव पुरत होतं.

ते एक नाव पुढे अडचणीचं झालं. बाप मरायचा, भाऊ वाटून घ्यायचे, रान सावकाराकडे गहाण पडायचं, आणि वहीत जुनंच नाव राहायचं. म्हणून मुंबई सरकारने १९०३ साली हक्कनोंदीचा कायदा केला आणि १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यातच घातला. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही, सात म्हणजे हक्काचं पान, बारा म्हणजे पिकांचं. सात आणि बारा एकाच कागदावर आले, म्हणून सातबारा. आज लागू असलेल्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १५७ म्हणतं की ही नोंद खरी धरायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. महसुली नोंदीने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मालकी येते ती खरेदीखतातून, वाटपातून, वारसाहक्कातून. उतारा तिच्या मागून चालतो. कलमातले ते ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द गावात कधी पोचलेच नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान केलं ते तीन अक्षरांनी. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावाला ‘ए.कु.मॅ.’ लावलेलं असतं. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे रान सगळ्यांचं, हा फक्त कारभार पाहतो. हाताने लिहिलेले उतारे साधारण दहा वर्षांनी नव्या पानावर उतरवले जायचे. उतरवणारा घाईत असला की नाव यायचं आणि ही अक्षरं मागे राहायची. तेवढ्याने थोरला भाऊ गावाच्या लेखी एकटा मालक व्हायचा. धाकट्याची पोरं मग माझ्यापुढे येऊन म्हणायची, “आबांच्याच नावावर होतं, आमचं काय असणार?” मी जुनं पान काढून त्या अक्षरांवर बोट ठेवायचो. काहींना ते वाचून घाम फुटलेला मी पाहिला आहे.

माझे आजोबा, आईचे वडील, १९६८ साली गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई आणि मावशी मामाच्या बरोबरीच्या वारस. उताऱ्यात मामाचं नाव कब्जेदार म्हणून लागलं, दोघी बहिणी ‘इतर हक्क’ या रकान्यात गेल्या. त्या रकान्यात नाव म्हणजे दुय्यम वाटा, अशीही एक पक्की समजूत आहे. वाटा रकान्यावरून ठरत नाही. दहा-अकरा वर्षांनी बहिणींनी हक्क सोडल्याचा फेरफार झाला आणि दोघींच्या नावांना कंस पडला, म्हणजे ती कमी झाली. पुढच्या पुनर्लेखनात कंसातली नावं आलीच नाहीत.

नोकरीत असताना त्या फेरफाराचे कागद मी मागवून पाहिले. स्थावरातला शंभर रुपयांवरचा हक्क लेखी सोडायचा, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तो दस्त नोंदवावा लागतो. तिथे नोंदवलेलं हक्कसोडपत्र नव्हतं. साध्या कागदावर चार ओळींचा जबाब होता आणि खाली दोन अंगठे. उजवीकडचा आईचा, शाई जरा फाकलेली.

आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तलाठी भाऊसाहेबांनी विचारलं, माहेर ठेवायचंय ना? मी हो म्हटलं.”

दावा लावू, असं मी म्हटलं, तिने ऐकलं नाही. मामाच्या घरी तिची साडीचोळी शेवटपर्यंत होत राहिली आणि तिला ती हवी होती. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या जबाबापायी मात्र मी नोकरीत एक नेम पाळला. कुठल्याही बहिणीचा जबाब घेताना भावाला बाहेर बसवायचो आणि ‘हक्क सोडणे’ म्हणजे किती एकर, किती गुंठे, ते तिला आकड्यात सांगायचो. दोन वेळा बाई कागद तसाच ठेवून उठून गेली. आणि पुनर्लेखनाला बसलो की आधी जुन्या पानांवरचे सगळे ए.कु.मॅ. शोधून त्यांच्यापुढे पेन्सिलीने बारीक टिंब करायचो. मग नव्या पानाला हात घालायचो.