आजीचं परस आणि भाद्रपदातली देवघेव



बडोद्याच्या वाड्यांबद्दल, गणपतींबद्दल, तालमींबद्दल आणि सरदार घराण्यांबद्दल आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फार छान लिहिलं आहे. मी आज वाड्याच्या मागच्या बाजूबद्दल लिहिणार आहे. मोरीच्या पलीकडे, न्हाणीघराच्या मागं वीस फूट रुंद आणि तीसेक फूट लांब अशी आमची मोकळी जागा होती. आम्ही तिला परस म्हणायचो. ते राज्य आजीचं.

आजी 1899 सालची. माहेर नवसारीचं, म्हणजे गायकवाडी मुलखातलंच. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. तेव्हा आजी सात वर्षांची होती. मुलीला शाळेत घातलं नाही तर दंड होईल, या धाकानं पणजोबांनी तिला शाळेत घातलं. चार इयत्ता झाल्या आणि लग्न होऊन ती दांडिया बाजारात आली. त्या चार इयत्तांचा या लेखाशी संबंध आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात कारकून होते. पगार वेळेवर, पण बेताचा. घरात अकरा माणसं, वर आला-गेला. मग भाजी परसातूनच यायची. खंडेराव मार्केट पायी जाण्याइतकं जवळ होतं, पण तिथून आमच्याकडे यायचे कांदे, बटाटे आणि लिंबं. बाकीचं आजी पिकवायची.

पाण्याची सोय चांगली होती. आजव्याच्या तलावाचं पाणी शहराला नळानं मिळत होतं. पण आजी नळाचं पाणी झाडांना कधी घालत नसे. भांडी आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मोरीतून एका उथळ चरात जायचं आणि त्या चरावर अळू लावलेलं होतं. तिथून पुढं पाणी केळीला आणि केळीकडून तोंडलीला. चुलीतली राख, चहाचा चोथा, भाजीची देठं सगळं आळ्यात. घरातून बाहेर टाकायला काही उरायचंच नाही.

मृगाचा पाऊस झाला की ती बिया लावायची. दुधी, दोडका, घोसाळी, पडवळ, कारली, काकडी हे वेल मांडवावर. लाल भोपळा गोठ्याच्या पत्र्यावर. गाय मी पाहिलेली नाही, पण गोठा होता. भेंडी आणि गवार सरीत. माठ कुठंही, आपोआप. सुरण कुंपणाच्या कडेला. दोन-अडीच महिन्यांनी, म्हणजे श्रावण संपता संपता, हे सगळं एकदम भरात यायचं. भाद्रपद म्हणजे आमच्या घरी सुबत्तेचा महिना.

त्या दिवसांत तिचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. नऊवारीचा काचा घट्ट मारून, हातात खुरपं घेऊन ती आधी सगळ्या वेलांखालून एक फेरी मारायची. भोपळ्याची पिवळी फुलं सकाळी उमलतात. त्यातलं नराचं फूल तोडून ती मादीच्या फुलाला टेकवायची. 'फळ धरतं' एवढंच कारण सांगायची. पडवळ वेडंवाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला सुतळीनं लहानसा दगड बांधायची. ते दगड बांधायचं काम आम्हा मुलांचं. दगड जड झाला आणि पडवळ तुटलं, तर त्या दिवशी त्याचीच भाजी आणि ती बांधणाऱ्यानं पानात पहिली वाढून घ्यायची.

भाद्रपदात परसाचं कामही मोठं होतं. चतुर्थीला पत्री आणि दूर्वा. पंचमीला ऋषीची भाजी. गौरी आल्या की शेपूची भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या. मग पक्ष पंधरवडा. आजोबा 1951 मध्ये गेले. त्यांच्या तिथीला अळू, भोपळा, गवार, कारलं, काकडीची कोशिंबीर हे सगळं पानावर हवंच. आजी जूनमध्ये बी टोचायची ती हे सगळे दिवस डोळ्यांपुढं ठेवून. पंचांग तिच्यासाठी लागवडीचं वेळापत्रक होतं.

आता ऋषिपंचमीबद्दल. या व्रतामागचं विटाळाचं कारण आज कुणाला पटायचं नाही, मलाही पटत नाही. पण त्या दिवसाच्या जेवणाचा नियम मला अजून विचार करायला लावतो. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. जे माणसानं स्वतःच्या हातानं खणून, टोचून पिकवलं तेवढंच खायचं. म्हणून गहू नाही, डाळ नाही. अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सुरण आणि मक्याचं कणीस, असं सगळं एकत्र, मीठ-मिरची घालून शिजवायचं. आजीची ही भाजी मोठ्या पितळी पातेल्यात व्हायची.

आमच्या भिंतीला भिंत लावून एक गुजराती कुटुंब राहायचं. त्या घरच्या आजीबाईंना सगळी गल्ली 'बा' म्हणायची. ऋषिपंचमी त्यांच्याकडे सामा पांचम. त्यांचाही नियम असाच, नांगरलेल्या जमिनीतलं खायचं नाही. पण त्या सामो खायच्या, आपल्या वरीसारखं बारीक धान्य. एकाच दिवशी, एकाच नियमानं, एका भिंतीच्या अलीकडे भाजी आणि पलीकडे सामो शिजायचा. सकाळी आजी परातीत भाजीचा वाटा घेऊन मधल्या दारात उभी राहायची. तिचं गुजराती आयुष्यभर मराठी वळणाचंच राहिलं. 'बेन, आ ल्यो,' म्हणायची. बा वाटीभर सामो द्यायच्या. अळूची पानं एरवीही जायची. आमच्याकडे त्यांच्या अळूवड्या व्हायच्या, त्यांच्याकडे पातरां. दोडका भिंतीपलीकडे गेला की तुरियां व्हायचा, घोसाळं गलकां आणि भोपळा कोळुं. आम्हा मुलांना दोन्ही नावं यायची. कुठल्या घरात उभे आहोत त्यावर शब्द ठरायचा.

आता जरा मोठ्या घडामोडींकडे येतो. 1 मे 1949 रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य होणार असं ठरलं, तेव्हा महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आधीच पेटली होती आणि इकडे 8 ऑगस्टला अहमदाबादेत विद्यार्थ्यांवर गोळीबार होऊन महागुजरातची चळवळ उभी राहिली. मी तेव्हा सहा वर्षांचा. मला आठवतं ते एवढंच की मोठी माणसं ओट्यावर बसायची बंद झाली आणि आत, हळू आवाजात बोलायला लागली. आपण इथं किती पिढ्यांचे, यावर अण्णा आणि काका रात्री बोलत बसायचे. दोन शतकांपूर्वी गायकवाडांच्या फौजेमागून आलेली घराणी आणि माझ्या आजोबांसारखी नोकरीपायी राहिलेली माणसं, दोघांपुढं तेव्हा प्रश्न एकच होता.

1 मे 1960 ला दोन राज्यं झाली. काका सरकारी नोकरीत होते, ते महाराष्ट्राच्या वाट्याला आले आणि पुण्याला गेले. त्यांनी आजीला पुष्कळ आग्रह केला. आई, चल, तिकडे सगळी आपली माणसं आहेत. आजी म्हणाली, 'आत्ता कशी येऊ? सुरण जमिनीत आहे.' काकांना राग आला. मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं. ती गेली नाही. दिवाळीत सुरण निघाला, त्याचा मोठा गड्डा तिनं पुण्याला पाठवला, छोटा बांकडे दिला आणि पुढच्या लागवडीचे डोळे राखून ठेवले.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या गोष्टीत माझा वाटा आहे. मी इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालो आणि 1971 मध्ये बँकेत लागलो. 1974 मध्ये धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. अण्णांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी एका फुलस्केप कागदावर हिशेब मांडला. परसात दोन खोल्या बांधायला सात हजार रुपये. भाडं महिन्याला दोन्हींचं मिळून 110 रुपये. साडेपाच वर्षांच्या आत मुद्दल वसूल. परसाचं उत्पन्न दुसऱ्या बाजूला: चार महिने भरपूर भाजी, बाकी वेळ थोडी, सरासरी महिना वीस रुपये धरले. त्यातून बियाणं आणि मेहनत वजा केली नव्हती, म्हणजे मी उदारपणाच दाखवला होता.

अण्णांनी कागद आजीकडे दिला. ती पंचाहत्तर वर्षांची होती. तिनं चष्मा लावून सगळा कागद वाचला, बेरजाही तपासल्या. मग मला म्हणाली, 'हिशेब बरोबर आहे रे. पण देणं-येणं धरलं नाहीस.'

मी म्हटलं, 'आजी, आपलं कुणाकडे येणं नाही आणि देणंही नाही.'

'बरं,' म्हणाली. 'दिवाळीनंतर खणा. सुरण निघू दे.'

दिवाळीनंतर खणलं. मांडव उतरवताना ती स्वतः उभी होती. वाळलेल्या दुधीतल्या बिया काढून, राखेत घोळवून तिनं डालडाच्या डब्यात भरल्या. तोंडलीचा वेल कडेला ठेवू म्हणालो होतो, पण पाया खणताना तोही गेला. खोल्या झाल्या, भाडेकरू आले, बहिणीचं लग्न नीट पार पडलं. त्या पैशांचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. आजीनं त्याबद्दल पुढं एक शब्द काढला नाही.

ती 1979 मध्ये गेली. तिच्या ट्रंकेत तीन लांबट वह्या निघाल्या. चार इयत्तांचं ते बाळबोध अक्षर, टपोरं आणि सरळ. मला वाटलं, घरखर्च असेल. पण पानाच्या मधोमध रेघ मारलेली, डावीकडे 'दिलं', उजवीकडे 'आलं'. तारखा नाहीत, तिथ्या. डावीकडे अळू बारा पानं, पडवळ एक, भोपळ्याची फोड. उजवीकडे सामो पाव शेर. पौषात डावीकडे वालपापडी, उजवीकडे उंधियुं. एका श्रावणात डावीकडे काहीच नव्हतं आणि उजवीकडे लिहिलं होतं: 'रात्री टांगा. बांच्या धाकट्यानं आणला. दवाखान्यापर्यंत.' तो मी होतो, तापानं फणफणलेला. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी 1956 चं पान शोधलं. अहमदाबादच्या गोळीबारानंतर साधारण महिन्याभरानं आलेली ऋषिपंचमी. तिथं लिहिलं होतं: 'दिलं नेहमीप्रमाणे. आलं नेहमीप्रमाणे.' त्या वर्षी आमच्या ओट्यावर कुणी बसत नव्हतं, पण मधलं दार उघडत होतं.

मग शेवटची वही चाळली. 1975 च्या पंचमीला डावीकडे: 'बाजारची भेंडी, माठ. पडवळ मिळालं नाही.' उजवीकडे: सामो. बाजारची भेंडी कुणी कशी पिकवली, बैल होता की नव्हता, हे तिला कळणार नव्हतं आणि तिला ते लागलं असणार. कारण 1976, 1977 आणि 1978 ला डावी बाजू कोरी आहे. उजवीकडे तिन्ही वर्षं एकच शब्द: सामो.

पस्तीस वर्षं मी बँकेत दोन बाजूंचे हिशेब जुळवले. ही वही मला जुळवता आली नाही.

वाडा 1990 च्या दशकात पडला, आता तिथं दुकानं आहेत. आम्ही मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहतो. बा गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यांची सून वाघोडिया रोडला राहते आणि सामा पांचमच्या आदल्या दिवशी नातवाच्या हाती सामो न चुकता पाठवते. माझ्या गच्चीवर सहा कुंड्या आहेत. अळू येतं, माठ येतो, भेंडी बेताची. पडवळाला मांडव घालून पाहिला, दोन वर्षं फुलं येऊन गळली. यंदा सकाळी उठून आजीसारखं फुलाला फूल टेकवलं. एक पडवळ धरलं आहे, वीतभर झालंय. सुतळीनं दगड बांधला आहे, हलका. पंचमीपर्यंत टिकलं तर वाघोडिया रोडला जाईल.

मंडळी, तुमच्या घरच्या ऋषीच्या भाजीत काय काय असायचं आणि ती शेजारी कुणाकडे जायची, जरूर लिहा. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आणि बेळगावच्या मंडळींनीही लिहावं. तिकडे भिंतीपलीकडे काय शिजत होतं, ते वाचायला आवडेल.