तळटीप १७ : ‘उजव्या सोंडेचा’
पेणच्या कारखान्यांत घडणाऱ्या बहुतेक गणेशमूर्तींची सोंड डावीकडे वळलेली असते. उजव्या सोंडेचं सोवळं कडक मानतात, म्हणून असा गणपती घरी क्वचितच आणतात. जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेच्या नावातच असलेली ही खूण रायगडच्या वाचकालाही सहज निसटते. मोबियसच्या पट्टीवर एक फेरा मारलेली सपाट आकृती आरशातल्यासारखी उलटून परतते; कथेचं मर्म त्या उलटण्यात आहे. असाच उलटा क्रम नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवताना लपवला होता. टोपणनाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं शेवटाकडून वाचावीत : ज. वि. ना. — संपा.