दोन साक्षी

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या लाँचेची वाट पाहत चार माणसे बसली, म्हणजे खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या जंजिऱ्याच्या गोष्टी निघावयाच्याच. त्यांत ठरलेली गोष्ट लाय पाटलांची. कोळ्यांनी रात्री तटाला शिड्या लावल्या. मोरोपंतांची फौज वेळेवर पोहोचली नाही. महाराजांनी पाटलांस पालखी देऊ केली. दर्यावर्दी माणसास ती काय कामाची, म्हणून त्यांनी नाकारली, तेव्हा ‘पालखी’ नावाचे गलबतच त्यांस मिळाले. याच सिद्दीविरुद्धच्या मोहिमेसंबंधी महाराजांचे जानेवारी १६७५ चे एक पत्र उपलब्ध आहे. पद्मदुर्गास ऐवज व धान्य न पोहोचविल्याबद्दल प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांची त्यात कडक कानउघाडणी आहे. गोष्टीत शौर्य आहे, पत्रात रसद आहे. यांपैकी खरे कोणते, असे आम्हांस विद्यार्थी विचारतात.

या प्रश्नावर विलायतेतील एक अगदी निराळे उदाहरण उद्बोधक वाटते. नोव्हेंबर १९६३ मध्ये बीबीसीने ‘डॉक्टर हू’ ही कालप्रवासाची दूरचित्रवाणी-मालिका सुरू केली. तीत इयान व बार्बरा हे एकाच शाळेतील शिक्षक. सुझन या विद्यार्थिनीचा माग काढीत ते भंगाराच्या आवारात शिरतात आणि तेथे त्यांस डॉक्टर भेटतो. पुढल्याच वर्षी डेव्हिड व्हिटेकर याने डालेक नामक यंत्रजीवांच्या कथेवर पुस्तक लिहिले. त्यात इयान शिक्षक नाही. बार्बराची व त्याची गाठ प्रथमच पडते, तीही धुक्याच्या रात्री, एका माळरानावर, मोटार-अपघातानंतर. मालिकेतील अश्मयुगाचा प्रवास तर पुस्तकातून समूळ गळाला आहे. नवल हे, की मालिकेचा संहिता-संपादक स्वतः व्हिटेकरच होता. हा अज्ञानाचा दोष नव्हे. मालिका न पाहिलेल्या वाचकासही पुस्तक स्वयंपूर्ण वाटावे, म्हणून त्याने आरंभ नव्याने रचिला.

पुढे बीबीसीने अनेक जुन्या फिती पुसून टाकल्या. १९६४ च्या ‘मार्को पोलो’ या सात भागांच्या कथेचे चलच्चित्र आज कोठेही उपलब्ध नाही. ध्वनी, काही छायाचित्रे आणि मूळ लेखकानेच वीस वर्षांनी लिहिलेले पुस्तक एवढेच उरले. डालेकांची कथा व मालिकेचा आरंभ सुदैवाने टिकला. तो नष्ट झाला असता, तर ते धुके आणि तो अपघात हाच मूळ वृत्तान्त म्हणून आम्ही निःशंकपणे सांगितला असता!

आमच्या इतिहासावर नेमका हाच प्रसंग गुदरला आहे. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला आणि शिवकालीन दफ्तराचा फार मोठा भाग नाहीसा झाला. जेथे मूळ कागद गेला, तेथे मागाहून सांगणाराच एकटा साक्षीदार उरतो. त्यास खोटा म्हणून हाकलून देणे हा कृतघ्नपणा होय. पण त्याचे सांगणे मूळ कागद म्हणून खपविणे हीदेखील फसवणूकच.

म्हणून लाय पाटलांची गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. मात्र ती कोळीवाड्याच्या स्मृतीने जपली आहे आणि धान्याचा हिशेब पत्राने जपला आहे, हेही त्याच बैठकीत सांगावे. एवढा विवेक मुलांच्या अंगी बाणला, तर गोष्टीची गोडी तिळमात्र कमी होणार नाही, असा आमचा अनुभव आहे.