डॉक्टरांच्या घरचं दुखणं

आमच्या मुलुंडच्या फॅमिली डॉक्टरांची एक गंमत होती. सगळ्या आळीला औषध देणारा हा माणूस स्वतःच्या मुलीला ताप आला की तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायचा. आणि ते दुसरे डॉक्टर फी घ्यायचे नाहीत!

ही रीत कुठली, म्हणून मी शोधत गेलो. १८४७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपली पहिली आचारसंहिता केली. तिच्यात म्हटलंय, की आजारी डॉक्टर स्वतःच्या दुखण्याचा नीट निवाडा करू शकत नाही. बायकोमुलांच्या काळजीने त्याची बुद्धी झाकोळते, हात कचरतो. म्हणून डॉक्टरांनी एकमेकांच्या घरच्यांना मोफत तपासावं.

आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत ही मोफत सेवा आली. २०२३ चे नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे तेच जुने नियम आजही चालू आहेत. पण घरच्यांना स्वतः औषध लिहू नका, असं स्पष्ट कलम त्यांत नाही. ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल मात्र शक्यतो टाळा असं सांगते.

थोडक्यात, रीत आपल्याकडे पोचली, तिच्यामागचं कारण वाटेत राहिलं.

आणि कारण तर अगदी घरगुती आहे. परक्या रुग्णाला दारूबद्दल, लघवीबद्दल सहज विचारणारा डॉक्टर सासऱ्यांना ते विचारेल? जावईबापूंना सासरे तरी खरं सांगतील? मग जेवताजेवता गोळी सुचवली जाते. केसपेपर नाही, नोंद नाही.

घरात डॉक्टर असणं हे भाग्यच. पण त्या घराला बाहेरचाही एक डॉक्टर हवा, असं मला वाटतं.