लिंगसमानता निर्देशांक, उच्च माध्यमिक स्तर
उच्च माध्यमिक स्तरावरील मुलींच्या स्थूल पटनोंदणी-दरास मुलांच्या दराने भागून येणारे गुणोत्तर. डाकार येथील २००० च्या जागतिक शिक्षण परिषदेने २००५ पर्यंत प्राथमिक व माध्यमिक शिक्षणातील लिंगविषमता संपवण्याचे उद्दिष्ट ठरवल्यावर (पहा : सर्वांसाठी शिक्षण) हे माप रूढ झाले. युनेस्को ०·९७ ते १·०३ ही समानतेची कक्षा मानते. दोन्ही दर सारखेच तोकडे असले, तरी गुणोत्तर १ येते.

दोन देशांच्या तुलनेत आधी स्तराची व्याख्या जुळवावी लागते. महाराष्ट्रात उच्च माध्यमिक म्हणजे अकरावी-बारावी (पहा : कनिष्ठ महाविद्यालय), युनेस्कोच्या वर्गीकरणात मात्र भारत व बांगलादेश दोन्हींसाठी नववी ते बारावी. मुलींची पटनोंदणी वाढावी म्हणून बांगलादेशाने १९९४ पासून माध्यमिक शाळांतील ग्रामीण मुलींना विद्यावेतन दिले. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शुल्कमाफी आहे.

गावपातळीवर हा निर्देशांक फसवा ठरतो. टिटवाळ्याहून लोकलने कल्याणच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाणारी मुलगी कल्याणच्या पटावर मोजली जाते, लोकसंख्येत मात्र टिटवाळ्याच्या. शिवाय दहावीनंतर आयटीआयला गेलेले विद्यार्थी, ज्यांत मुलगे बहुसंख्य, अकरावीच्या पटावर येत नाहीत. त्यामुळे मुलांचा दर प्रत्यक्षाहून कमी दिसतो (पहा : औद्योगिक प्रशिक्षण संस्था).