खेळण्यातील इतिहास



आगगाडीच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती जमविणे हा पुष्कळांना पोरखेळ वाटतो. नाणी जमविणाऱ्यास आपण संशोधक म्हणतो, पोथ्या जमविणाऱ्यास विद्वान म्हणतो. पण ज्याच्या कपाटात इंजिने मांडलेली आहेत त्याला पाहून मात्र आपणांस हसू येते. हे हसू कितपत योग्य आहे, याचा आज विचार करू. खेळणे हे इतिहासाचे साधन होऊ शकते काय, आणि होत असल्यास कोणत्या अटीवर, हा आपला प्रश्न आहे. त्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. ते म्हणजे इंग्लंडमधील ‘ए-फोर’ या वर्गाची स्ट्रीमलाइन्ड वाफेची इंजिने.

स्ट्रीमलाइन्ड म्हणजे वाऱ्याला वाट करून देणाऱ्या घाटाचे. गाडीचा वेग तिप्पट झाला म्हणजे हवेचा विरोध तिप्पट होत नाही, तो नऊपट होतो. ताशी तीस मैलांनी जाणाऱ्या गाडीला वाऱ्याची फारशी पर्वा नसते. ताशी नव्वद मैलांनी जाणाऱ्या गाडीचा मात्र तो मोठा शत्रू होतो. १९३० नंतरच्या दशकात मोटार आणि विमान आगगाडीचे उतारू पळवू लागले, तेव्हा रेल्वे कंपन्यांना वेगाची निकड भासली. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंते सर नायजेल ग्रेस्ली यांनी १९३५ साली ए-फोर इंजिन तयार केले. त्याचे तोंड पाचरीसारखे उतरते होते आणि चाकांवर दोन्ही बाजूंनी पत्र्याचे आच्छादन होते. या उतरत्या तोंडामुळे धूर वर उचलला जाई आणि ड्रायव्हरला पुढचा मार्ग स्वच्छ दिसे. त्याच वर्षी सुरू झालेली ‘सिल्व्हर ज्युबिली’ ही गाडी लंडन ते न्यूकॅसल हे २६८ मैलांचे अंतर चार तासांत काटू लागली. पुढे ३ जुलै १९३८ रोजी याच वर्गातील ‘मॅलर्ड’ने ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरांचा, वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो उच्चांक आजही अबाधित आहे.

अशी एकंदर ३५ इंजिने बांधली गेली. १९३७ साली लंडन ते एडिंबरो धावणाऱ्या ‘कॉरोनेशन’ गाडीसाठी त्यांतील पाच इंजिनांना साम्राज्यातील देशांची नावे दिली होती. एकाचे नाव होते ‘एम्पायर ऑफ इंडिया’. ज्या देशाचे नाव त्याने धारण केले त्या देशाच्या रुळांवर ते कधी धावले नाही. पुढे दहा वर्षांतच ते साम्राज्य संपले, तरी इंजिनाचे नाव मात्र तेच राहिले.

मग युद्ध आले. कारखान्यांत माणसे कमी पडू लागली. चाकांवरील पत्रे तेल घालण्याच्या आणि दुरुस्तीच्या आड येत, म्हणून ते काढून टाकले गेले. १९४२ च्या एप्रिलमध्ये यॉर्कवर झालेल्या हवाई हल्ल्यात एक ए-फोर इंजिन नष्ट झाले. प्रतिस्पर्धी लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेच्या ‘कॉरोनेशन’ वर्गातील इंजिनांचे तर संपूर्ण कवचच युद्धानंतर उतरविले गेले. अमेरिकेत याहून वाईट घडले. मिल्वॉकी रेल्वेची ‘हायावाथा’ गाडी ओढणारी स्ट्रीमलाइन्ड इंजिने झाडून सारी भंगारात गेली. त्यांतील एकही शिल्लक नाही. ए-फोरपैकी सहा वाचली, पण ‘एम्पायर ऑफ इंडिया’ त्यांत नाही. १९६४ साली ते सेवेतून निघाले आणि मोडले गेले.

आता प्रतिकृतीकडे वळू. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ साली ‘हॉर्न्बी डब्लो’ या नावाने लहान आगगाड्या बाजारात आणल्या. त्यांतील आरंभीचे एक इंजिन म्हणजे ४४९८ क्रमांकाचे ‘सर नायजेल ग्रेस्ली’ होय. प्रमाण एका फुटास चार मिलिमीटर, म्हणजे मूळ इंजिनाचा छहात्तरावा भाग. सुमारे सत्तर फुटांचे धूड वीतभराहून थोड्या अधिक लांबीत आले. त्या निळ्या खेळण्याच्या चाकांवर पत्र्यांचे आच्छादन होते. युद्धानंतर तेच खेळणे पुन्हा निघाले तेव्हा त्याचा क्रमांक ७ झाला होता आणि आच्छादन नाहीसे झाले होते, कारण मूळ इंजिनाचेही तसेच झाले होते. ही दोन खेळणी शेजारी ठेवली की मधले युद्ध डोळ्यांपुढे उभे राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातील ‘मॅलर्ड’ आपणांस आच्छादनासह दिसते. परंतु ते आच्छादन १९६३ साली निवृत्तीनंतर पुन्हा चढविलेले आहे. खऱ्या इंजिनाला १९३८ चा पोशाख नव्याने शिवावा लागला. १९३८ च्या खेळण्याने तो कधी उतरविलाच नव्हता.

म्हणून प्रतिकृती नेहमी खरे बोलते असे मात्र नाही. डब्लोचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे होते. इंजिनाच्या प्रमाणाने ते जवळजवळ एकोणीस मिलिमीटर हवे होते. म्हणजे इंजिन आपल्या वाटेपेक्षा मोठे आहे. विजेसाठी रुळांच्या मधोमध तिसरा रूळ होता. ग्रेस्लीच्या मार्गावर तसला रूळ नव्हता. मूळ इंजिनाविषयी ही साक्ष खोटी आहे. पण त्या काळी कारखानदाराला काय जमत होते आणि मुलाला काय पुरेसे वाटत होते, याविषयी तीच साक्ष अगदी खरी आहे. बखरीतील अतिशयोक्तीही अशीच वाचावयाची असते.

शिवाय खेळणेही अमर नव्हे. त्या काळच्या ओतीव भागांसाठी जस्ताचा मिश्रधातू वापरीत. त्यात शिशाचा थोडासा अंश मिसळला गेला, तर धातू आतून पोखरला जातो, फुगतो, तडकतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. पोथीला जशी कसर लागते तशी या धातूलाही लागते, आणि तिच्यावर उपाय नाही. कोरड्या आणि समतापमान जागी ठेवून विलंब लावता येतो, इतकेच.

येथे संग्राहकाचे कर्तव्य सुरू होते. खरचटलेल्या इंजिनाला नवा रंग देण्याचा मोह मोठा असतो, कारण चकचकीत वस्तू पाहुण्यांना आवडते. पण त्या रंगाखाली कारखान्याचा रंग, मूळ क्रमांक आणि एका मुलाने खेळून पाडलेले ओरखडे कायमचे झाकले जातात. ताम्रपटाची अक्षरे कोणी नव्याने कोरली तर आपण त्याला क्षमा करणार नाही. मग येथे का करावी? ज्याने खोका जपला, खरेदीचे वर्ष टिपून ठेवले, बदललेला भाग कोणता ते लिहून ठेवले, त्याच्या कपाटाला दप्तरखान्याची योग्यता येते. ज्याने केवळ किमतीवर नजर ठेवली, त्याचे कपाट म्हणजे दुकान.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, खेळणे इतिहासाचे साधन होऊ शकते; अट एवढीच, की ज्याच्या हाती ते आहे त्याने त्याची साक्ष बिघडवू नये. हिंदुस्थानचे नाव मिरविणारे ते इंजिन आता छायाचित्रांत आणि प्रतिकृतींतच पाहावयास मिळते. आपल्याही घरांच्या माळ्यांवर जुनी खेळणी पडलेली असतील. दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्यापूर्वी ती कोणी, केव्हा आणि कोठून आणली, एवढे तरी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून ठेवावे, अशी माझी आपणां सर्वांस विनंती आहे.